दुधाची साखर

प्रयोगशाळेत पाहुण्यांसमोर दादाने, तिच्या सीनियरने, परीक्षानळी उजेडात धरली. रंग पांढुरकाच. पिवळ्याचा मागमूस नाही.

"या जंतूंना दुधाची साखर दाखवली, की ती पचवणारं एन्झाइम ते स्वतः बनवतात," सर पाहुण्यांना समजावत होते. "नाही दाखवली तर नाही. उगाच कशाला राबतील? एन्झाइम तयार असेल, तर या थेंबांनी नळी पिवळी होते." मग हळूच, "काय रे, साखर घातलीस ना?"

"सकाळीच घातली, सर." दादाने नळी पुन्हा हलवून पाहिली.

ती मागच्या ओट्याला टेकून उभी होती. बाळ पाळणाघरात, आणि छाती दुधाने ठणकत होती.

हे जंतू तिचे. पोट टेबलाला टेकेपर्यंत तिने ते वाढवले होते. बाळंतपणाहून परतली, तर बशीबशीवर दादाच्या नावाची चिठ्ठी. आयत्या बिळावर नागोबा! वर हसून म्हणाला होता, "तू आता बाळ सांभाळ गं. जंतू मी सांभाळतो." आज पाहुण्यांना रंग दाखवला, की काम कायमचं त्याचं होणार होतं.

सकाळी तिने त्याला पाहिलं होतं. जंतू भराभर वाढावेत म्हणून त्याने दुधाच्या साखरेच्याच चंबूत ग्लुकोजही लोटलं. शब्द तिच्या ओठांवर आला. तिने तो गिळला, आणि नुसती दुधाची साखर घालून स्वतःचा एक चंबू ठेवला.

"जंतूच मेलेत, सर," दादा म्हणाला. "हिच्या वेळचे, जुने."

ती पुढे आली. आपल्या चंबूतलं थोडं नळीत घेतलं, थेंब टाकले. बघता बघता नळी पिकल्या लिंबासारखी पिवळी झाली.

"जिवंत आहेत, दादा. यांचंही बाळासारखंच असतं. आधी आयतं गोड चाटवलं, की दुधाला तोंड लावत नाहीत."

दादाची नजर ओट्यावरच्या ग्लुकोजच्या बरणीकडे गेली.

"याने ग्लुकोज घातलं, हे तुला ठाऊक होतं?" सरांनी विचारलं.

"हो. सकाळीच बघितलं."

"अगं, मग बोलली का नाहीस?"

कुर्त्यावर दुधाचा ओला डाग पसरत चालला होता. तिने तो झाकला नाही.

"मी बाळ सांभाळत होते ना, सर."