आरोग्य केंद्रातली बाई

दारात बूट काढताना ‘आले हं मी’ असं म्हणायची या घरची रीत होती. मिनाएने बूट काढले, तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. आत तिचे वडील अंथरुणावर पडले होते आणि त्यांच्या छातीवर शाप बसला होता.

मांजराएवढा. ओल्या राखेच्या रंगाचा. तोंड शिवलेलं. माणूस वर्षानुवर्षं मनातलं मनातच ठेवत गेला की असे शाप धरतात. मिनाएने आजवर पुष्कळ उतरवले होते. वडील श्वास सोडायचे तेव्हा हा थोडा फुगायचा, आणि पुढचा श्वास आधीच्याहून अपुरा यायचा.

“इनोमाताला बोलावू,” मागून ओगाता म्हणाला. दोघं मांत्रिक, कामाला नेहमी एकत्र जायचे. “तो नुसता शाप काढतो. तुझ्यासारखं नाही त्याचं.”

“कधी पोचेल?”

“बर्फाने घाट बंद आहे. उद्या दुपारपर्यंत.”

मिनाएने वडिलांच्या निळ्या पडलेल्या ओठांकडे पाहिलं. “उद्या दुपारी येऊन तो काय काढणार?”

तिची विद्या ओगाताला ठाऊक होती. ती शाप मुळासकट उपटायची, पण ज्याच्या अंगातून तो निघे त्याच्या मनातून तीही निघून जायची. नाव, चेहरा, सगळंच. परक्यांच्या बाबतीत त्याने काही बिघडत नसे. जीव वाचलेली माणसं रस्त्यात तिला ओळखत नसत, एवढंच.

ओगाताने भिंतीवरचा फोटो उतरवला. शाळेच्या पहिल्या दिवशीची मिनाए, पाठीवर लाल दप्तर. असलं काही मागे राहिलं की वाचलेली माणसं पुढे वेडीपिशी होतात. फोटो कोटाच्या आत सारून तो म्हणाला, “गाडीत बसतो मी.”

ती उशाशी बसली. वडिलांनी डोळे उघडले.

“तू?”

“हो बाबा.”

“कोणी बोलावलं तुला?”

“शेजारच्या सुगावाराकाकूंनी.”

“चोंबडी मेली.” त्यांना खोकल्याची उबळ आली. मिनाएने छातीकडे हात नेला, तसं त्यांनी तिचं मनगट धरलं. लाकडं फोडून राठ झालेली बोटं. “हात लावू नकोस.”

जुना राग, तिला वाटलं. ही विद्या शिकायला ती घरातून निघाली, तेव्हा ते पाठ फिरवून लोणच्याचे मुळे धुवत बसले होते. त्यानंतर नवीन वर्षाला नाही, आईच्या श्राद्धाला नाही, तिच्याशी एक शब्द बोलले नव्हते.

“राग नंतर काढा बाबा. आता वेळ नाही.”

“राग कसला, गाढवे.” त्यांनी श्वास गोळा केला. “मी विसरेन ना तुला.”

शापाच्या तोंडाचा एक टाका उसवला.

“इतकी वर्षं का नाही बोललात?”

“तू तरी कुठे बोललीस?”

आणखी एक टाका सुटला. असंच बोलत बसता आलं असतं तर सगळेच सुटले असते कदाचित. पण मनगटावरची पकड सैल पडत चालली होती आणि त्यांची नखं काळी पडायला लागली होती. तिने डाव्या हाताने त्यांचे डोळे झाकले, लहान मुलाला सुई टोचताना झाकतात तसे, आणि उजवा हात शापाच्या पोटात घातला.

उपटताना सगळं तिच्या हातावरून वाहत गेलं. खांद्यावर बसवून दाखवलेली जत्रा. तापात रात्रभर कपाळावर ठेवलेला फडका. आणि एक असं, जे तिला कधी कळलंच नव्हतं: तिची गाडी सुटली त्या दिवशी, स्टेशनच्या गोदामाआड उभे राहिलेले बाबा, हात अजून मुळ्यांच्या मातीने भरलेले. तेही गेलं.

वडिलांनी छाती भरून श्वास घेतला. ते उठून बसले आणि परक्या बाईसमोर आपण अंथरुणात आहोत हे पाहून घाईघाईने कपडे सारखे करू लागले.

“माफ करा हं. आपण कोण?”

“आरोग्य केंद्रातून आलेय. तुम्हाला बरं नव्हतं ना.”

“एवढ्या बर्फात! अहो, बसा, बसा. चहा घेतल्याशिवाय जायचं नाही.”

ती बसली. त्यांनी चहा केला, धुरावलेल्या मुळ्याचं लोणचं कापून पुढे ठेवलं आणि बोलत सुटले. यंदा मुळा कसा हाताएवढा आला, चेरीच्या लाकडाचा धूरच कसा लागतो, काकूंचा कुत्रा कसा बर्फाला भितो. बाबा इतकं बोलतात, हे तिला माहीत नव्हतं.

“घरी कोण असतं तुमच्या?” त्यांनी विचारलं.

“वडील आहेत.”

“फोन करता ना त्यांना?”

“नाही. ते बोलत नाहीत माझ्याशी.”

“म्हणून काय झालं? तुम्ही करायचा. आम्ही म्हातारे आपणहून नाही करत, नुसती वाट बघतो.” बोलता बोलता त्यांची नजर कोपऱ्यातल्या फोनकडे गेली आणि कपाळाला आठ्या पडल्या. “आता माझंच बघा. रोज संध्याकाळी त्या फोनपाशी जाऊन बसतो. मूल ना बाळ. कोणाचा यायचाय, देव जाणे.”