पायरीवरचं नेपाळी

“अजून एकदा,” पायरीवर बसलेले गुणवंतराव म्हणाले.

फाटकाशी उभ्या असलेल्या बहादूरने काठी काखेत धरली आणि तेच नेपाळी वाक्य पुन्हा म्हटलं, जरा सावकाश. गुणवंतरावांनी मान हलवली. मग त्यांनी मोठ्याने विचारलं, “सन्चै हुनुहुन्छ?” बरे आहात ना? आणि त्यामागून, “खाना खानुभयो?” जेवलात का? बहादूरने दोन्हींची उत्तरं दिली. समोरच्या गॅलरीतून कोणीतरी हसून म्हणालं, चलो, काकाजींची शाळा भरली.

आत त्यांची मुलगी पद्मजा पेपर तपासत होती. वडिलांना कमी ऐकू येतं, म्हणून चौकीदाराला सगळं दोनदा म्हणावं लागतं, असं तिने केव्हाच ठरवून टाकलं होतं.

चौदा वर्षांपूर्वी, आई गेली त्याच हिवाळ्यात, हा माणूस कॉलनीच्या फाटकावर आला. कमिटीला गोरखा हवा होता. हा बुटका, बारीक डोळ्यांचा, कमरेला खुकरी. सगळ्यांनी त्याला बहादूर म्हणायला सुरुवात केली. नाव विचारायची गरज कोणाला पडली नाही. महिन्याभरात वडील त्याच्याशी नेपाळी बोलू लागले. संध्याकाळी वहीत काहीबाही लिहायचे आणि सकाळी तीच वही मांडीवर घेऊन पायरीवर बसायचे. हातात बिनदुधाचा चहा. तरुणपणी नऊ वर्षं ते नेपाळच्या सीमेजवळ, सिलिगुडीच्या रेल्वे यार्डात होते. तिथून त्यांनी आणली ती या चहाची सवयच तेवढी, असं पद्मजा समजे.

घरात ते गॅसबद्दल आणि विजेच्या बिलाबद्दल बोलत. पद्मजा जेवली का, हे त्यांनी कधी विचारलं नव्हतं. तिनेही त्यांना नाही.

“बाबा, माझा लाल पेन?”

त्यांनी तो खिशातून काढून दिला.

“महिन्यात हा तिसरा. तुम्हाला काहून लागतो लाल पेन?”

“देऊन राहिलो ना.”

“त्या चौकीदाराशी बोलता त्यातलं चार आणे गोड घरात बोला कधी.”

तिने स्कूटी काढली. फाटकात बहादूरने रोजच्यासारखे हात जोडले. “नमस्ते दिदी, सन्चै हुनुहुन्छ?” रोजच्यासारखीच ती उत्तर न देता पुढे गेली.

दुपारी दोन वाजता शाळेत फोन आला. गुणवंतराव खुर्चीत बसल्या बसल्या गेले होते.

सात दिवस घरात माणसं होती. भंतेजी येऊन गेले, पुण्यानुमोदन झालं, पाहुणे बसने पनागरला परतले. बहादूर रोज सात वाजता पायरीपाशी येई आणि टोपी हातात घेऊन उभा राही. तिसऱ्या दिवशी तिने त्याला विचारलं, आता इथे काय आहे तुझं? तो टोपी घालून फाटकाकडे गेला. आठव्या दिवशी तो आला नाही, तेव्हा तिला बरं वाटलं.

त्याच दिवशी कमिटीचे सेक्रेटरी पुंडलिकराव आले. कॉलनीतून दोन सायकली चोरीला गेल्या होत्या. त्यांचं म्हणणं, चौकीदारावर आता भरोसा राहिला नाही. त्याच्याकडे गावचा एक कागद नाही. मागे मोमोवाला नेपाळी पोरगा गल्लीत आला, तर यानेच त्याला काठी दाखवून हाकललं. आपल्या माणसाला कोणी असं करतं का? कमिटीतले दोघे तर म्हणत होते, हा गोरखाच नाही.

“बाबांना चौदा वर्षं नेपाळी शिकवलं त्याने,” पद्मजा म्हणाली. त्याची बाजू घ्यायची तिला इच्छा नव्हती. पण खोटं ते खोटं.

“तेच मीही म्हटलं बैठकीत. सगळी कॉलनी रोज ऐकत होती. पण गुणवंत आता नाही. त्याची ती वही दे, बेटा. वहीत त्याचं शिकवणं दिसलं, तर ठेवू. नाही तर आजच छुट्टी. दोन पोरी आहेत म्हणतो त्याला, पण आपण काय करणार?”

पायरीच्या खाली बहादूर उभा होता. पुंडलिकरावांनीच त्याला बोलावून आणलं होतं. त्याने तिच्याकडे पाहिलं नाही.

वही वडिलांच्या उशीखाली होती. पद्मजाने ती कधी उघडली नव्हती. वही घरातून गेली, तर एक काटा जाईल, असं मनाशी म्हणत ती दारात आली आणि देता देता तिने पानं उलटली.

प्रत्येक पानावर वर एक नेपाळी वाक्य होतं, वडिलांच्या सरळ अक्षरात. खाली तेच वाक्य पाच पाच वेळा, दुसऱ्या कोणाच्या तरी वाकड्या हाताने लिहिलेलं. बाजूला लाल शाईने बरोबरच्या खुणा, चुकांवर गोल. असे गोल ती वीस वर्षं काढत आली होती. तिने चौदा वर्षांपूर्वीच्या तारखेचं पहिलं पान उघडलं. ‘विद्यार्थी देवीदास, राहणार लांजी, जिल्हा बालाघाट. नेपाळी अजिबात येत नाही.’

“काय लिहिलं आहे?” पुंडलिकरावांनी हात पुढे केला.

पद्मजाने वही मिटली आणि काखेत धरली. मग ती वडिलांच्या जागी पायरीवर बसली आणि समोरच्या गॅलरीपर्यंत जाईल एवढ्या आवाजात, मोठ्या भावाला हाक मारावी तशी, बहादूरला म्हणाली, “नमस्ते, दाजु. खाना खानुभयो?”