दिवेलागणीचा पाट

"समोरच्याला घाई असली, की आपण पाणीसुद्धा सावकाश प्यायचं," मंदाकिनीचे यजमान सांगायचे. ते गेल्यावरही ती तसंच करायची. बँकेची नोटीस लागलेली घरं भाव पाडून घ्यायची आणि संध्याकाळी एकटीच जेवायला बसायची.

पाथर्डी फाट्यावरच्या या फ्लॅटचा लिलाव चार दिवसांवर आला होता. तिने आकडा सांगितला आणि सावकाश पेला उचलला. आतल्या बंद खोलीत कुणीतरी पाट सरकवला.

"लय पाडून मागताय ताई," फ्लॅटच्या म्हाताऱ्या मालकीण साळूबाई म्हणाल्या. "पण देते. फक्त दिवेलागणीला तिच्यासंगं कुणीतरी जेवायला बसलं पाहिजे."

"कुणासंगं?"

साळूबाई आतल्या दाराकडे बघत राहिल्या. मंदाकिनीने उठून ते उघडलं. खोली रिकामी होती. पाटसुद्धा नव्हता.

घर हातचं जाऊ नये म्हणून ती बोलून गेली, "बसेन मी."

सह्या झाल्या. साळूबाई निफाडला लेकीकडे गेल्या.

त्या संध्याकाळी आपल्या राहत्या घरी मंदाकिनीने सवयीने आपल्यापुरतं वाढून घेतलं. तेवढ्यात तिच्याच घरात, मागच्या खोलीत, पाट सरकला. मग त्याच्या शेजारी दुसरा.

तिने ताट झाकलं, दोघींपुरतं जेवण डब्यात भरलं आणि मुकाट्याने पाथर्डी फाट्याच्या रिक्षात बसली.