पंपाच्या इंजिनाची गाडी

"पुन्हा घसरली," कोल्टन म्हणाला आणि चेन हातात धरून उकिडवा बसून राहिला.

वर्नानं वेल्डिंगचा मुखवटा वर केला. "चेनला काय दोष देतोस? इंजिन वाकडं बसलंय. मागून बघ जरा."

पोरानं मागून पाहिलं. दोन्ही दातेरी चाकं एका रेषेत नव्हती. त्यानं बोल्ट सैल केले, इंजिन बोटभर बाजूला सरकवलं आणि पुन्हा आवळलं. चेन नीट बसली.

अमेरिकेतल्या ओझार्कच्या डोंगरातल्या त्या शेडमध्ये वसंतापासून दर शनिवारी हेच चाललं होतं. गाडीचा सांगाडा जुन्या पलंगाच्या लोखंडी पट्ट्यांचा, इंजिन पाण्याच्या पंपाचं, चाकं भंगारातल्या गवत कापायच्या यंत्राची. शाळेच्या स्वयंपाकघरात राबणाऱ्या वर्नाला याहून जास्त परवडत नव्हतं. विकत आणले ते फक्त वेल्डिंगचे रॉड आणि ब्रेकची केबल. शेडच्या भिंतीवर खडूनं गाडीचं चित्र काढलेलं होतं. अडलं की दोघं त्या चित्रापाशी जाऊन उभी राहत. त्या भिंतीला चुकून खांदा लागला तरी वर्ना डाफरायची.

"सीट मागे घ्यावी का?" कोल्टन म्हणाला. "गुडघे अडतात."

"चित्रात आहे तिथंच राहू दे. तूच ताडासारखा वाढलायस."

त्यानं सीटचे बोल्ट तिथंच आवळले.

दुपारी तिनं मक्याचा ब्रेड आणि शिजवलेला घेवडा वाढला.

"पाखरासारखा टिपतोयस. पोटभर खा."

"खातोय की."

ट्रकच्या अपघाताला दोन वर्षं झाली, तरी त्याच्या भुवईवरचा व्रण लालच होता. तेव्हापासून त्यानं कुठल्याच गाडीच्या स्टिअरिंगला हात लावला नव्हता. कामावर सायकलनं जायचा, बर्फ पडला तर पायी. झोप लागत नाही हे त्याच्या डोळ्यांवरून कळायचं. वर्नानं कधी विचारलं नाही. तिचे डोळे काही वेगळे नव्हते.

जेवणानंतर दोघांनी गाडी ढकलत कुरणात आणली.

"चल, बस," ती म्हणाली.

"मला नाही जमायचं."

"मग काय मी बसू? या कंबरेनं?"

त्यानं स्टिअरिंगकडे हात नेले आणि मागे घेतले. वर्नानं ते हात आपल्या ग्रीसनं माखलेल्या हातांत धरले. "हळू जा. त्या ओकच्या झाडाला वळसा घाल आणि परत ये."

"आणि नाही आलो तर?"

"तसं म्हणू नकोस." तिनं त्याचे हात सोडले. "परत यायचं. बाकी काही मागत नाही मी."

इंजिन फडफडत सुरू झालं. गाडी चिखल उडवत, ढेकळांवरून आदळत झाडामागे गेली, आणि आवाज थांबला.

वर्ना धावली. अशी ती फार दिवसांत धावली नव्हती. झाडामागे कोल्टन स्टिअरिंगवर डोकं टेकून हुंदके देत होता.

"बंद पडली?"

"मीच बंद केली."

ती ओल्या गवतात त्याच्याशेजारी बसली. थोड्या वेळानं तिनं त्याच्या केसांतून हात फिरवला. कुणाच्या तरी केसांतून हात फिरवताना कसं वाटतं, हेही ती विसरत चालली होती.

"ऊठ आता. नीट परत घेऊन जा. मी येते मागून."

या खेपेला त्यानं जरा वेग दिला. उंचवट्यावर गाडीची चारही चाकं जमीन सोडून उडाली आणि पोराला हसू फुटलं. ते हसू ऐकून मागून येणाऱ्या वर्नाला रडू आवरेना. ती तशीच चालत राहिली.

रस्त्याकडच्या फाटकाबाहेर एक बाई केव्हाची उभी होती. ती आत येत नव्हती, मानही वर करत नव्हती. वर्नानं ॲप्रनला हात पुसले आणि फाटकाची कडी काढली.

"आत ये, ग्लेंडा. कॉफी टाकते."

भिंतीवरचं ते चित्र काढणारा वर्नाचा एकुलता एक मुलगा रॉस कोल्टनच्या ट्रकखाली गेला, त्या दिवसानंतर ती कोल्टनच्या आईशी आज पहिल्यांदा बोलली.