पाच लॉक

मुलाने स्पष्टच सांगितलं होतं, "आई, या खेपेला पाचही लॉकची दारं तुझ्याने ढकलली गेली नाहीत, तर बोट विकायची." बोट म्हणजे माझं घर.

सकाळी निघालो. कालव्याला चढ आला की लॉक लागतं: दोन्ही टोकांना दारं असलेला हौद, मागची दारं लावून आत पाणी भरलं की बोट वर उचलली जाते. सुकाणू नऊ वर्षांच्या नातीकडे, टॅम्सिनकडे, दारं माझ्याकडे.

पहिल्या लॉकची दारं उघडीच होती.

"आजी, मज्जाय तुझी!"

"एखादी बोट खाली उतरून गेली, की लॉक रिकामं राहतं. मग वर चढणाऱ्याला ते आयतं मिळतं."

दुसरंही उघडं. तिसरंही.

"मग ती उतरलेली बोट आपल्याला भेटली कशी नाही?" टॅम्सिनने विचारलं.

प्रश्न बरोबर होता. कालवा इतका अरुंद, की समोरच्या बोटीला खेटूनच जावं लागतं. सकाळपासून एकही बोट दिसली नव्हती.

चौथ्या लॉकला मी पाठ लावून एक दार मिटवलं. दुसऱ्याकडे वळले, तर ते आधीच मिटलेलं.

पाचव्यापर्यंत मी पुरती दमले. बोट आत शिरली, तरी मी बोटीतच बसून राहिले. मागची दोन्ही दारं हळूच लागली, बाळ निजलेल्या खोलीची लावतात तशी.

टॅम्सिन बोट बांधायची दोरी घेऊन वर काठाकडे बघत होती. "आजी, टाकू का? ते कधीचे हात पुढे करून उभे आहेत."

वर मला नुसतं आभाळ दिसत होतं.

"टाक, बाळा. आणि थँक्यू म्हण."

तिने दोरी वर फेकली. ती खाली आली नाही.