कललेला खांदा

“लोकांना शरीराचं ऐकायला शिकवता आणि स्वतः असे वाकडे चालता. ताठ चाला ना, बाबा.”

“उजवा खांदा असू दे तसाच,” बूट चढवत बाबा हसले. “कामाचा आहे तो.” आणि नृत्योपचाराचा वर्ग घ्यायला गेले. तिथेच त्यांचं हृदय थांबलं.

महिन्याने त्यांची चटई आणायला मी त्या वर्गात गेले. विद्यार्थी अनवाणी उभे होते. बाबांचाच धडा चालू होता : आपल्या माणसासारखं चालायचं, म्हणजे त्याच्या मनातलं आपल्या अंगाला कळतं.

“ताई, तुम्हीही या ना,” एक मुलगी म्हणाली. “सरांसारखं चाला.”

मी उजवा खांदा खाली सोडला. पावलं आपोआप आखूड झाली. हात गुडघ्याच्या जरा वर येऊन थांबला आणि बोटं अर्धवट मिटली. मी त्या हाताकडे पाहतच राहिले. इतक्या खाली, एवढ्याशा मुठीत मावेल असा एकच हात होता. चालायला शिकणाऱ्या माझा.

मी तशीच खोलीभर चालले. मग जे म्हणायची वेळ त्यांनी कधी येऊच दिली नव्हती, ते मी सगळ्यांदेखत म्हणाले, “बाबा, हात सोडू नका.”