रिकामा पट्टा

दंडावरचा पट्टा फुगण्याआधी कमरेचं यंत्र बारीक घरघरतं. ते ऐकलं की हात सैल सोडायचा आणि बोलणं बंद करायचं, असं रक्तदाब मोजायचं हे यंत्र बांधून गेलेल्या संशोधक अनुषानं बजावलं होतं. विद्याधरला रक्तदाब आहे, मला नाही. तिच्या अभ्यासाला दोन्ही प्रकारची माणसं हवी होती, म्हणून बंगळुरातल्या यशवंतपूरच्या घरात आम्ही दोघं नवराबायको एक दिवस पट्टे बांधून वावरत होतो.

त्याचं यंत्र दर अर्ध्या तासानं चाले. माझंही, पण मी "पुण्याचं..." म्हटलं, की ते मध्येच घरघरे.

"शू! रीडिंग बिघडेल," विद्याधर हसे. हे घर विकायचं, मी प्रयोगशाळेतली नोकरी सोडायची आणि पुण्याला परतायचं, हे त्यानं वर्षापूर्वीच ठरवून टाकलं होतं.

योगायोग असेल म्हणून मी चिकपेटच्या साड्यांवर बोलून पाहिलं. यंत्र गप्प.

चहाच्या वेळी मी पट्टा सोडला, यंत्रातले सेल काढले आणि सगळं टेबलावर ठेवलं.

"विद्याधर, पुण्याचं..."

यंत्र घरघरलं. टेबलावरचा रिकामा पट्टा फुगला, आत दंड असावा तसा गोल झाला. माझ्या उघड्या दंडाची कातडी चहूबाजूंनी आत दबत गेली. बोटं बधिर झाली.

विद्याधरचं हसू मावळलं. "प्रतिमा, बोलू नकोस. आधी ते सुटू दे."

ते सुटत नव्हतं.

"आवळू दे किती आवळायचं ते," मी म्हटलं. "मी प्रयोगशाळा सोडणार नाही. पुण्याला येणार नाही."